कुत्र्याला चालेल असं गाव

दिल्लीत द्वारकेच्या आमच्या फ्लॅटमध्ये नळाला बोअरचं पाणी यायचं आणि ते खारट होतं. धुण्याभांड्याला चालायचं, पण तोंडात घेववत नव्हतं. प्यायला टँकरचं पाणी पिंपात वेगळं भरून ठेवायचो. राहायला आलो त्या पहिल्याच दिवशी मी घाईत कुत्र्याच्या वाडग्यात नळाचं पाणी ओतलं. त्याने वास घेतला, जिभेचं टोक लावलं आणि शिंकून मागे झाला. हे हसत सुटले. म्हणाले, "तुला आमच्या गावी कसा नेऊ रे? तिथे दारापर्यंत खारं पाणी. खाडीला तोंड लावणारा कुत्रा मी जन्मात नाही पाहिला."

नंतर मुद्दाम कधी कधी त्याच्यापुढे नळाचं पाणी ठेवायचे आणि तो शिंकला की स्वतःच त्या पाण्यात बोट बुडवून चाटून बघायचे. "आमच्यापेक्षा कमी आहे," असं म्हणायचे. त्यांना ते पाणी वाईट वाटत नव्हतं. सोसायटीतले बाकी सगळे त्या पाण्यावरून कमिटीशी भांडत होते.

त्याआधी आमचं सगळं आयुष्य कोपर्निकस मार्गावर गेलं. तिथल्या सरकारी गेस्ट हाउसच्या किचनमध्ये हे स्वयंपाकी होते आणि मागच्या बाजूला आम्हाला एक खोली होती. कुत्रा जन्मला तो त्या किचनच्या मागच्या दारी, सिलिंडर ठेवायच्या जागेत. आई मेली, बाकीची पिल्लं कुठे गेली ती गेली, हा ह्यांच्या पायात राहिला. ह्यांनी त्याला नाव ठेवलं नाही. "चल" म्हटलं की तो यायचा. मुलाला गुडगावला कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी लागली, त्याने कर्ज काढून द्वारकेला फ्लॅट घेतला, हे रिटायर झाले आणि आम्ही सगळे तिकडे गेलो. टेम्पोत सामानाबरोबर कुत्राही. सूनबाई पुण्याची, तीही ऑफिसात जाणारी. तिला कुत्र्याची सवय नव्हती, पण तिने कधी तोंड वाकडं केलं नाही.

आमच्यासाठी सुट्टी म्हणजे गाव. लोक हवा खायला डोंगरावर जातात, समुद्रावर जातात हे माहीत होतं, कारण तसे कितीतरी पाहुणे ह्यांच्या हातचं जेवून पुढे गेले होते. पण ते पाहुण्यांचं. आमच्यात रजा मंजूर झाली की माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली यायची, ह्यांचा इस्त्रीचा पांढरा सदरा निघायचा आणि पानिपतचं ब्लँकेट यायचं. ते कधी चुकलं नाही. गेस्ट हाउसचा एक ड्रायव्हर तिकडचा होता, त्याच्याकडून हे मागवायचे. गावी ह्यांची थोरली बहीण, नवरा लवकर गेलेली, खाडीच्या तोंडाशी असलेल्या घरात एकटी राहायची. कोकणात कसली आलीय थंडी, पण दिल्लीहून भाऊ आला की ब्लँकेट हवंच. रंगही ठरलेला, मरून. तिच्या घरात एकावर एक अशी थप्पी होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती त्यांवर बसवायची.

ह्यांना झटका आला तो सकाळी दाढी करताना. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. हॉस्पिटलातून घरी आणल्यावर हळूहळू पायात थोडा जोर आला, पण शब्द परत आले नाहीत. एकच राहिला, "चल". चहा हवा असला तरी "चल", कूस बदलायची असली तरी "चल", माझ्यावर चिडले तरी तेच. कुत्रा मात्र दर वेळी उठून उभा राहायचा.

त्यांना जेववायचं म्हणजे कुत्रा पायाशी लागायचा. तो नसला तर तोंड मिटून बसायचे. फिरायला नेताना डाव्या हातात त्याची साखळी दिली की पाऊल उचलायचे. आम्ही धरून चालवायला गेलो तर नाही. दोन आठवडे हे पाहिल्यावर सूनबाईनेच सांगून टाकलं की आता ह्या कुत्र्याला काही झालं तर बाबांचं कठीण आहे.

डॉक्टरांनी मुलाला बाहेर नेऊन सांगितलं की दुसरा झटका कधीही येऊ शकतो, त्यांच्या आवडीचं जे असेल ते करून घ्या. त्या रात्री जेवताना मुलगा खाली मान घालून म्हणाला, "आई, बाबांना एकदा समुद्र दाखवून आणू. आत्याही भेटेल."

मला फार बरं वाटलं. आजारपण आल्यापासून माझ्या मनात तेच होतं. मी आपण होऊन कोणाकडे काही मागत नाही, तो माझा स्वभावच नाही. मुलाला ते न सांगता कळलं, एवढं माझ्यासाठी पुष्कळ होतं.

मग कुत्र्याचं काय करायचं इथे सगळं अडलं.

कोकणात रेल्वे सुरू झाली होती, निजामुद्दीनला बसलं की थेट आमच्याकडचं स्टेशन. मुलगा स्टेशनवर जाऊन चौकशी करून आला. डब्यात माणसांबरोबर कुत्रा न्यायचा तर वरच्या वर्गाचा अख्खा कूपे घ्यायचा आणि तो मिळेलच असं नाही. नाहीतर गार्डाच्या डब्यात एक पेटी असते, तिच्यात कुत्रा ठेवायचा आणि स्टेशन आलं की आपण धावत जाऊन त्याला पाणी पाजायचं. मे महिना होता. तिथल्या हमालाने सांगितलं, साहेब, ह्या दिवसांत नका ठेवू, लोखंड तापतं. मुलाने घरी येऊन ते सांगितलं आणि सूनबाई म्हणाली, "बिल्कुल नाही."

मुलाच्या गाडीने रस्त्याने न्यायचं म्हटलं तर जायलाच तीन दिवस, आणि अशा माणसाला घेऊन. मुलाला रजा चार दिवसांची. कंपनी नवीन होती, मागायची सोय नव्हती.

मी म्हटलं, मी कुत्र्याला घेऊन इथे राहते, तुम्ही ह्यांना घेऊन जा. मला वाटलं होतं हे सगळ्यांना पटेल. मुलगा म्हणाला, "आई, त्यांचं सगळं तूच करतेस. मला तर ते धोतरालासुद्धा हात लावू देत नाहीत." ते खरं होतं. आणि कुत्र्याशिवाय जेवणार नाहीत हेही खरं होतं. ह्यांना मीही लागत होते आणि कुत्राही लागत होता, आणि आम्ही दोघं एका गाडीत बसून समुद्रापर्यंत जाऊ शकत नव्हतो.

सूनबाईने मग जवळच्या जागा शोधायला घेतल्या. ऑफिसातून यादी आणायची आणि घरी आली की फोन घेऊन बसायची. पहिला प्रश्न कुत्र्याचा. पलीकडचा माणूस विचारायचा, छोटा है के बडा? मग विचारायचा, कौन सी ब्रीड? ती खरं सांगायची, आणि "देसी? नहीं जी," म्हणून फोन ठेवला जायचा. पुढे ती इंडियन ब्रीड म्हणायला शिकली. एकाने त्यावर खूश होऊन, वो तो बडे महंगे आते होंगे, असं म्हटलं आणि आम्ही तिघं कितीतरी दिवसांनी हसलो. त्याचीही जागा शेवटी मिळाली नाही, त्याच्याकडे लग्नाचं वऱ्हाड उतरणार होतं.

शेवटी तिच्या ऑफिसातल्या कोणीतरी एक पत्ता दिला. हिमाचलात एका तलावाकाठी लष्करातून निवृत्त झालेले एक गृहस्थ घरातल्या दोन खोल्या भाड्याने देत. त्यांची स्वतःची दोन कुत्री होती. जेवण आपलं आपण करायचं, रात्री गारठा असतो म्हणून पांघरुणं आपली आणायची.

"पाणी तर आहे," मुलगा म्हणाला. "मोठा तलाव आहे म्हणतात, पलीकडचा काठ लांब दिसतो. बाबांना पाण्याकाठी बसायला मिळेल. यार, काहीच नसण्यापेक्षा बरं."

मला त्याला नाही म्हणता येईना. त्याने खरोखर सगळं करून पाहिलं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी त्याने माळ्यावरून ट्रंक काढली. तांदूळ, स्टोव्ह, भांडी, कुत्र्याचं खाणं न्यायचं होतं आणि तेवढी मोठी दुसरी पेटी घरात नव्हती. त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं. हे पलंगावर बसले होते. ट्रंक जमिनीवर टेकली तो आवाज ऐकून त्यांनी मान वळवली. मग भिंतीला धरून उठले, कपाटापर्यंत गेले आणि डाव्या हाताने हँगर ओढायला लागले. पांढरा सदरा होता तो.

मी त्यांना बसवलं. समोर बसून सावकाश सांगितलं, "अहो, आपण गावी नाही चाललो. डोंगरात चाललोय, तलाव आहे तिथे. कुत्र्याला घेऊन."

त्यांनी मान हलवली. कुत्र्याकडे बघून हसले. मग ट्रंकेवर हात थोपटून म्हणाले, "चल."

मी पुन्हा सांगितलं. संध्याकाळी पुन्हा एकदा सांगितलं. दर वेळी ते मान हलवायचे आणि सदऱ्याकडे बोट दाखवायचे. डॉक्टर म्हणाले होते की ऐकलेलं सगळं त्यांना कळेल असं नाही. मी मुलाला म्हटलं, त्यांना वाटतंय आपण गावी चाललोय, तू सांगून बघ.

"राहू दे ना आई. चार दिवस खूश राहतील."

"आणि पाचव्या दिवशी?"

"पाचव्या दिवशी घरी."

त्याच्या आवाजात थकवा होता. मी सदरा इस्त्री करून ठेवला.

पहाटे निघालो. कुत्रा मागच्या सीटवर आमच्या दोघांच्या मध्ये, खिडकीत तोंड घालून. असा आनंदात मी त्याला कधी पाहिला नव्हता. हे त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले होते आणि ट्रक दिसला की "चल" म्हणत होते. मुलगा आरशातून पाहत होता. मला म्हणाला, "बघ."

पानिपतला ऊन चढलं होतं. हायवेला लागून ब्लँकेटची दुकानं होती. सूनबाई म्हणाली इथेच घेऊ, स्वस्त मिळतील. मुलगा गाडी बाजूला घेताना म्हणाला, "मराठी माणूस पानिपतला थांबला की काय होतं, माहीत आहे ना?"

"ब्लँकेट घेतो आणि घरी जातो," ती म्हणाली. "उतर आता. आणि कुत्र्यासाठी जाडंभरडं एखादं बघ."

मला उतरायचं नव्हतं आणि ह्यांना उतरवायचंही नव्हतं. पण गाडी उन्हात उभी, आत बसवेना. दुकानात पंखा होता. दुकानदाराने ह्यांना पाहून खुर्ची दिली. मुलगा आणि सून ढिगातून उचकत होती आणि मी माझ्या सवयीप्रमाणे मागे उभी होते. ह्यांनी खुर्चीतून हात लांब करून एक ब्लँकेट ओढलं. मरून होतं. ते त्यांनी मांडीवर घेतलं, किनार अंगठ्याने चाचपली आणि मान वर करून मला शोधलं. झटका आल्यापासून माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं नव्हतं. अंगात ताकद असताना, हातात तिकिटं घेऊन किचनच्या दारातून यायचे, तसं.

दुकानदार म्हणाला, बाबूजी को पसंद आ गया.

मुलाला आत्याची थप्पी आठवली असणार, कारण त्याने तेही बांधायला सांगितलं. मी ह्यांच्या कानाशी वाकून पुन्हा म्हटलं, "गावी नाही चाललो आपण." त्यांनी ब्लँकेट काखेत घट्ट केलं. उरलेला सगळा रस्ता ते त्यांच्या मांडीवर होतं. बाहेर मे महिन्याचा वारा भट्टीसारखा आणि मांडीवर लोकरी ब्लँकेट. ह्यांच्या सदऱ्याची पाठ भिजून गेली. मी काढून घ्यायला गेले तर हात झटकला.

डोंगर सुरू झाले तेव्हा ते जरा गोंधळले. खिडकीतून वर बघायचे, मग माझ्याकडे. पण आमच्याकडेही घाट उतरून जावं लागतं. घाटानंतर गाव येतं. ते तसंच धरून बसले असतील.

पोचलो तेव्हा संध्याकाळचं ऊन अजून होतं. घर तलावाच्या वरच्या अंगाला होतं, त्या गृहस्थांनी आपणहून ट्रंक उचलून आत नेली. त्यांची कुत्री बांधलेली होती. झाडांमधून पाणी दिसत होतं, मोठं आणि चमकणारं. ह्यांनी ते पाहिलं आणि गाडीतून उतरायला कोणाची वाट पाहिली नाही. ब्लँकेट काखेत, डाव्या हातात साखळी. "चल," म्हणाले. कुत्रा ओढत निघाला.

मी मागून धावले. पायवाट उताराची होती, मला भीती होती पडतील. पण पडले नाहीत. पांढरा सदरा, वाऱ्याने उडणारे केस, आणि पाय घासत का होईना पण पटापट पडत होते. मुलगा वरून ओरडला, "आई, बघ, कसे चालतायत." त्याच्या आवाजात रडू होतं.

काठाला दगड होते. हे तिथे थांबले, दम खाल्ला, समोर पाहिलं. डावीकडे पाहिलं, जिकडे आमच्याकडे बहिणीचं घर असतं. तिकडे देवदाराची झाडं होती. मग पुन्हा पाण्याकडे पाहिलं. लाट नव्हती. पाणी दगडांना लागून नुसतं हलत होतं.

कुत्रा दिवसभर तहानलेला होता. त्याने पुढचे पाय पाण्यात घातले, मान खाली केली आणि प्यायला लागला. लप लप आवाज येत होता. तो खूप वेळ प्याला. मध्ये थांबून मान वर करून ह्यांच्याकडे पाहिलं, हनुवटीवरून पाणी गळत होतं, आणि परत प्यायला लागला.

हे त्याच्याकडे पाहत होते. मी बाजूला उभी होते, मला त्यांचा चेहरा दिसत होता. ते खाली बसायला लागले, मी धरलं. साखळी दगडावर टाकून त्यांनी पाण्यात बोटं बुडवली आणि जिभेला लावली. पुन्हा एकदा लावली. मग हात सदऱ्याला पुसला.

मी म्हटलं, "अहो, मी सांगत होते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. काखेतलं ब्लँकेट सुटून दगडावर पडलं, एक टोक पाण्यात. मी उचलून पिळलं. मुलगा तोवर खाली आला होता. "बाबा, छान आहे ना? किती पाणी आहे," असं म्हणत तो त्यांच्या शेजारी बसला. त्यांनी त्याच्या खांद्यावर डावा हात ठेवला आणि उठवायची खूण केली. बस एवढंच. रागावले नाहीत. मला वाटतं त्यांना कळलं होतं की मुलाने त्यांच्यासाठी आपल्याकडून जमेल तेवढं केलं.

"चल" मात्र म्हणाले नाहीत. कुत्रा त्यांच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. शेवटी मी म्हटलं तेव्हा तो निघाला.

राहिलेले दिवस ते खोलीच्या व्हरांड्यात बसले. मुलगा खुर्ची पाण्याकडे वळवून ठेवायचा, ते पाय लावून ती भिंतीकडे करायचे. एकदा घरमालक बघून म्हणाले, आपके पिताजी को पहाड अच्छे लगते हैं शायद. सूनबाई हो म्हणाली. कुत्रा पायाशी असायचा, म्हणून दोन घास जायचे. त्यांना सगळं पाहिजे तसं तिथे होतं, असं कोणालाही वाटलं असतं.

घरी आल्यावर मुलगा म्हणाला, पुढच्या वर्षी काहीही करू, कुत्र्याला चार दिवस कुठे ठेवता येतं ते बघू, विमानाने जाऊ. तो ते मनापासून म्हणत होता. त्या वर्षी त्याची बढतीही झाली.

ह्यांनी मात्र "चल" हा उरलेला एक शब्दही पुन्हा उच्चारला नाही. चहा हवा असला की कप वाजवायचे. फिरायला जाताना साखळी हातात दिली तर धरायचे, पण कुत्र्याला हाक नाही. तो खाली बसून राहायचा, मग मीच बोलायचे आणि आम्ही तिघं पार्कला एक फेरी घालायचो. डोक्यावरून विमानं उतरत असायची.

हिवाळ्यात, धुकं पडतं त्या दिवसांत, दुसरा झटका आला. तिसऱ्या दिवशी गेले.

ब्लँकेट मुलाने आत्याला पार्सलने पाठवलं. तिने शेजाऱ्याकडून फोन करवला. पोचलं, एवढंच सांगितलं आणि फोन ठेवला.

अस्थींच्या वेळी मी आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन मागितलं. म्हटलं, ह्यांना गावी नेऊ. आता पेटीत बसतात, कोणी अडवणार नाही. मुलाने डोकं धरलं. धुक्यामुळे गाड्या बारा-बारा तास उशिरा चालत होत्या, विमानं रद्द होत होती, आणि दहाव्याच्या आत विसर्जन व्हायला हवं असं भटजी म्हणत होते. "आई, गढला जाऊ, गाडीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत. तिथे गंगा आहे. शेवटी समुद्रालाच जाते ना." मी हो म्हटलं. तो चुकीचं काही म्हणत नव्हता.

कुत्र्याला घरात एकटं ठेवता येत नव्हतं, विव्हळत राहायचा, शेजारी तक्रार करायचे. म्हणून तोही गाडीत होता, मागच्या सीटवर, माझ्या आणि त्या कलशाच्या मध्ये. गढला धुकं होतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता. मुलगा आणि भटजी नावेत बसून थोडं आत गेले. मी घाटाच्या पायरीवर साखळी धरून उभी होते. नाव धुक्यात दिसेनाशी झाली तेव्हा कुत्र्याने साखळी ओढली. मी सैल सोडली. तो पायऱ्या उतरून खाली गेला आणि पाणी प्यायला लागला.